सल्ला खाली येतो, प्रश्न वर जात नाही
(अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलणारे या मंडपात पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोलावेच. माझ्याकडे आलेला विषय जरा वेगळा आहे. शास्त्रज्ञ मोबाईलवरून आपल्याला जे सांगतात ते आपल्यापर्यंत नीट का पोचत नाही, आणि आपल्याला जे विचारायचे असते ते त्यांच्यापर्यंत का जात नाही, असा हा विषय. ऐकताना वाटेल, हा काय पोटापाण्याचा प्रश्न आहे? पण चुकीच्या फवारणीत, नको त्या बियाण्यात आणि दुबार पेरणीत गेल्या दहा वर्षांत आपला किती पैसा गेला, याचा हिशेब ज्याने त्याने घरी बसून मांडावा. काही घरांत तर पैशापेक्षा मोठे नुकसान झाले आहे.

मोबाईल आज घरोघरी आहे. विद्यापीठाचा व्हिडिओ आहे, खात्याचा संदेश आहे, औषध कंपनीच्या माणसाचा ग्रुप आहे, आणि कोण कुठला हे कोणालाच माहीत नाही असा यूट्यूबवाला आहे. एवढे सांगणारे असताना शेतकरी फवारणीच्या दिवशी गोंधळलेलाच का राहतो? त्याचे कारण शोधू.

अळीने मारले की विजेने?

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट आठवा. पिवळ्या-हिरव्या काटेरी अळीचा एक फोटो मोबाईलवर फिरू लागला. सोबत शेतात पडलेल्या दोन मृतदेहांचे फोटो. खाली मजकूर असा की, ही अळी कपाशीवर असते, सापापेक्षा विषारी आहे, चावली की पाच मिनिटांत माणूस मरतो. ऐन निंदणी-फवारणीच्या दिवसांत हा संदेश गावोगाव पोचला. त्याच सुमारास मराठवाड्यात काही शेतकऱ्यांना अशाच एका अळीचा त्रास झाला होता. लोकांनी तिला नाव दिले ‘घोणस अळी’. घोणस म्हटल्यावर कोणाच्या छातीत धडकी भरणार नाही?

खरी हकीकत काय होती? फोटोतले दोघे जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यातले बापलेक होते आणि ते शेतात वीज पडून गेले होते. अळीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. अळीच्या अंगावर काटेरी केस असतात. ते टोचले की आग होते, सूज येते, काहींना जास्त त्रास होतो. माणूस पाच मिनिटांत मरतो हे धादांत खोटे. उपाय साधा आहे. टोचलेल्या जागी चिकटपट्टी लावून ती ओढून काढायची म्हणजे केस निघतात, मग जागा धुऊन बर्फ लावायचा, त्रास वाढला तर दवाखाना गाठायचा. शास्त्रज्ञांनी हे सांगितलेही. पण खोटा संदेश ज्या वेगाने गेला त्या वेगाने हे गेले नाही.

का गेले नाही? खोटा संदेश आपल्या घरच्या प्रश्नाला धरून होता. उद्या माझी बायको, माझी सून कपाशीत उतरणार आहे, तिला काही होईल काय? ज्याने तो पुढे पाठवला त्याने वाईट हेतूने पाठवला नाही, काळजीपोटी पाठवला. आता आपल्या खुलाशांची रीत पाहा. आधी किडीचे शास्त्रीय नाव, मग तिचे कूळ, मग तिच्या जीवनचक्राच्या चार अवस्था, मग ती कोणकोणत्या पिकांवर आढळते, आणि अगदी शेवटी, वाचणारा टिकला तर, माणूस मरतो की नाही याचे उत्तर. ज्या बाईला सकाळी सात वाजता शेतात जायचे आहे तिला पहिल्या ओळीत हवे होते: ‘या अळीने माणूस मरत नाही.’

यातली दुसरी बाजू अधिक वाईट आहे. बापलेक विजेने गेले होते. पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात वीज दरवर्षी आपल्या शेतातली माणसे नेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे ॲप केलेले आहे. ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका, हातातले लोखंडी अवजार बाजूला ठेवा, उघड्या शेतात सापडलात तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, हा सल्ला त्या दोन मृतदेहांच्या निमित्ताने लाखो घरांत पोचू शकला असता. तो पोचला नाही. जी मारत नाही त्या अळीची भीती पोचली आणि जी मारते ती वीज बाजूला राहिली. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या दरीची किंमत ही अशी मोजावी लागते.

अडाणीपणाचा सिद्धान्त

या सगळ्याचे कारण शहाण्या लोकांना विचारले तर उत्तर तयार असते. शेतकरी अडाणी आहे, त्याचे प्रबोधन कमी पडते, आणखी संदेश पाठवा, आणखी व्हिडिओ करा. मला हे उत्तर मान्य नाही.

बीटी कपाशीचे उदाहरण घ्या. २००२ मध्ये बोलगार्ड आले, २००६ मध्ये बोलगार्ड-२ आले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची एक छोटी पुडी असे. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रात ती लावावी, असा नियम. त्याला ‘रेफ्यूजी’ म्हणत. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पुडी बांधावर टाकली. पुढे बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले. गुजरातेत बोलगार्डवर टिकणारी गुलाबी बोंडअळी सापडल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. मग बोलगार्ड-२ गेले, आणि २०१७ मध्ये विदर्भात जो कहर झाला तो तुम्ही भोगलाच आहे. तेव्हा बोट शेतकऱ्याकडे दाखवले गेले. म्हणे, यांनी पुडी लावली नाही.

पुडी कशासाठी हे कोणी समजावून सांगितले होते काय? गोष्ट अवघड नाही. बीटीच्या शेतात हजारात एखादी अळी विष पचवून जगते. तिचा पतंग होतो. त्याला जोडीदारही तसाच मिळाला तर पुढची पिढी सगळी विष पचवणारी निपजते. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असल्या तर तिथे वाढलेले साधे पतंग भरपूर असतात, जोडी त्यांच्याशी जमते आणि विष पचवण्याचा गुण पातळ होतो. खिलारी बैल ठेवायचा तर वळू कोणता हे पाहावे लागते, हे ज्या शेतकऱ्याला कळते त्याला हे कळणार नाही? कळले असते. पण मग त्याने पुढचा प्रश्न विचारला असता: ‘या पाच ओळींत अळी खाईल ते नुकसान कोणाचे? आणि मी लावून शेजाऱ्याने नाही लावले तर?’ त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून पुडीवर नियम छापला आणि कारण छापले नाही.

पऱ्हाटीचेही तसेच. हंगाम संपताच पऱ्हाटी उपटा, शेतात कुटार करा, फरदड घेऊ नका, असे दरवर्षी सांगतात. शास्त्र बरोबर आहे. गुलाबी बोंडअळी किडक्या बोंडांत, सरकीत, रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत झोपून राहते आणि पुढच्या हंगामात उठते. पण पऱ्हाटी म्हणजे आपल्या घरचे वर्षाचे सरपण. गॅसची टाकी भरायला पैसे नसतात तेव्हा चूल तिच्यावरच पेटते. ‘पऱ्हाटी नष्ट करा’ असे सांगणाऱ्याने त्या घरच्या मायबहिणीला ‘चूल कशावर पेटवशील?’ असे विचारले होते काय? विचारले असते तर कदाचित दोघांना पटेल असा तोडगा निघाला असता. किडकी बोंडे आधी वेचून जाळायची आणि जाड काड्यांचे सरपण पावसाळ्याआधी संपवायचे, असा काहीतरी. न विचारता दिलेला सल्ला ऐकणाऱ्याच्या चुलीपाशीच अडतो.

तेव्हा अंतर अक्कल कमी असण्याचे नाही. सल्ला वरून खाली येतो, प्रश्न खालून वर जात नाही, हे ते अंतर आहे. आणि सल्ला फसला तर नुकसान फक्त खालच्याचे होते.

विलायतेतले मेंढपाळ

हे वऱ्हाडातच घडते असे समजू नका. १९८६ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिचा धुरळा वाऱ्याने गेला आणि इंग्लंडच्या कंब्रिया नावाच्या डोंगराळ भागात पावसाबरोबर खाली आला. मेंढ्यांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम सापडले. सरकारने मेंढ्या विकण्यावर बंदी घातली आणि शास्त्रज्ञांनी सांगितले, तीन आठवड्यांत सगळे निवळेल. तीन आठवडे गेले, निवळले नाही. शेवटची बंदी उठली २०१२ मध्ये. सव्वीस वर्षांनी!

चूक कुठे झाली? शास्त्रज्ञांचा हिशेब चिकणमातीच्या जमिनीचा होता. चिकणमाती सीझियम धरून ठेवते. डोंगरावरची जमीन वेगळी, कुजलेल्या गवताची, आम्लाची. तिथे ते सुटे राहते आणि पुन्हा पुन्हा गवतात चढते. आपली जमीन वेगळी आहे हे तिथल्या मेंढपाळांना ठाऊक होते. पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी मेंढ्या कुंपणात कोंडल्या. मेंढपाळ म्हणाले, डोंगरावर मोकळी चरणारी मेंढी कोंडल्यावर खंगेल. तसेच झाले, प्रयोग सोडावा लागला. ब्रायन विन नावाच्या अभ्यासकाने ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्याचा निष्कर्ष असा की, लोकांना शास्त्र समजले नाही असे झाले नाही. शास्त्राने लोकांचे ज्ञान विचारात घेतले नाही आणि आपल्या हिशेबातली शंका लोकांपासून लपवली, म्हणून विश्वास गेला.

आता आपल्याकडे या. दर्यापूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत पूर्णेच्या काठाचा आपला खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी खारे. ते पाणी दिले तर जमीन चोपण होते. त्या पट्ट्यातला शेतकरी व्हिडिओ पाहतो, आणि त्यात सांगतात की पावसाने खंड दिला तर एक संरक्षित ओलीत द्या. कोणते ओलीत, भाऊ? सातपुड्याच्या पायथ्याची जमीन वेगळी, बरडीची वेगळी, खारपाणपट्ट्याची वेगळी. एकच संदेश सगळ्या जिल्ह्याला पाठवणारा कंब्रियाच्या शास्त्रज्ञासारखीच चूक करतो.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती?

पावसाच्या अंदाजाइतका राग आपल्याला दुसऱ्या कशाचा येत नाही. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. अंदाजावर विसंबून पेरले आणि बुडाले, असे त्यांचे म्हणणे. राग खोटा नव्हता. पण खाते काय बोलते आणि आपण काय ऐकतो यातला फरक समजून घेतला पाहिजे.

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हे खात्याचे मोजलेले शब्द आहेत. शंभर पर्जन्यमापकांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस म्हणजे ‘तुरळक’. पन्नासपर्यंत ‘काही ठिकाणी’. पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. त्यावर ‘बहुतांश ठिकाणी’. आणि या मोजणीत पाऊस कशाला म्हणतात? अडीच मिलिमीटर पडला की झाला पाऊस! म्हणजे ‘बहुतांश ठिकाणी पाऊस’ असे रेडिओवर सांगितले, सगळीकडे अडीच-तीन मिलिमीटर पडला, तर खात्याचा अंदाज शंभर टक्के खरा. आपली मात्र धूळही नीट दबत नाही. कोरडवाहू पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा आणि ओल खोल जावी, असे कृषी खातेच सांगते. हे दोन आकडे आपल्याला एकाच जागी कोणी सांगितले आहेत काय? हवामानवाला ठिकाणे मोजतो आणि शेतकरी ओल मोजतो. दोघे एकच शब्द वापरतात, पण अर्थ दोन.

ही जागा मग ‘अमुक तारखेला पाऊस येणारच’ असे छातीठोक सांगणारा घेतो. शास्त्रज्ञ प्रामाणिक असेल तर ‘शक्यता आहे’ म्हणतो. छातीठोक सांगणाऱ्याला शक्यतेशी देणेघेणे नसते, कारण अंदाज चुकला तरी त्याचे बियाणे जात नाही. त्याचे दहा अंदाज असतात. जो जुळतो तो गावभर फिरतो, जे जुळत नाहीत त्यांची वही कोणी ठेवत नाही.

आपल्या शेजारी जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती अठरा धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत सांगतात. तीनशे वर्षांहून जुनी चाल म्हणतात. तिला शास्त्राचा आधार नाही हे मी स्पष्ट सांगतो. पण लोक तिथे का जमतात हेही पाहिले पाहिजे. तिथे कपाशीचे वेगळे सांगतात, ज्वारीचे वेगळे, तुरीचे वेगळे. पेरणीच्या आधी सांगतात. समोरासमोर सांगतात. अकोल्याच्या विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषिसल्ला निघतो. तो किती तरी पटीने भरवशाचा आहे. पण तो आपल्यापर्यंत खात्याच्या भाषेत येतो आणि भेंडवळचा आपल्या भाषेत येतो. भर म्हणून कृषी विज्ञान केंद्रांतले जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद करण्यात आले. तालुक्याचा सल्ला त्यांच्याकडून मिळे. ती वाट बुजली.

ज्वारीला कोणी सोडले?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी खा, पचायला हलकी आहे, मधुमेहात चांगली आहे, असे व्हिडिओ मोबाईलवर आले. उत्तम. पण ते सगळे खाणाऱ्यासाठी होते, पिकवणाऱ्यासाठी नव्हते. वऱ्हाडात एके काळी कपाशीच्या जोडीला ज्वारी नाही असे शेत नव्हते. घरात भाकर आणि गोठ्यात कडबा दोन्ही तिच्यातून निघे. आज ती गेली, सोयाबीन आले. का गेली? विचारा कोणालाही. रानडुकरे एका रात्रीत तास लोळवतात. थोडे पेरले तर सगळी पाखरे त्यावरच उतरतात. कणसात दाणा भरला आणि पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. कापणी-खुडणीला माणूस मिळत नाही.

याला शास्त्राची उत्तरे काहीच नाहीत असे नाही. खोडमाशीची पोंगेमर टाळायची तर पावसाळा लागताच वेळेवर पेरावे, उशिराची ज्वारी खोडमाशी खाते, हे जुने शास्त्र आहे आणि खरे आहे. दाण्यावरची बुरशी कमी धरणारे वाण विद्यापीठांनी काढले आहेत. पण रानडुकराचे काय, या प्रश्नाला कीटकशास्त्रज्ञ म्हणतो माझा विषय नाही, वाणवाला म्हणतो माझा विषय नाही, वनखाते म्हणते अर्ज करा. शेतकऱ्याचा प्रश्न एक असतो आणि शास्त्राची खाती दहा असतात. ज्या प्रश्नाला खाते नाही तो प्रश्न व्हिडिओत येत नाही.

उत्तर देणाऱ्यावर विश्वास बसतो

रात्री दहा वाजता शेतकरी कपाशीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, काय मारू? विद्यापीठाच्या ग्रुपवर बहुधा फक्त साहेबच लिहू शकतात, बाकीच्यांना दार बंद. कृषी केंद्रवाला पाच मिनिटांत उत्तर देतो. तीन औषधांची नावे लिहितो आणि सकाळी उधारीवर देतोही. आता सांगा, शेतकरी कोणाचे ऐकेल? तो दुकानदाराच्या शास्त्रावर भाळलेला नसतो. प्रश्नाला उत्तर मिळाले, एवढेच त्याला पुरते.

पण ते उत्तर कधी जीव घेते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, जोराचा फवारा मारणारे पंप, तोंडाला साधे फडके, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. डब्यावर सूचना होती, पण ती मुंगीच्या अक्षरात. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आपल्याकडे हिरवा पाहिला की माणूस म्हणतो, चालेल. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हिरवेही विषच. आणि विषबाधा झालीच तर रोग्याबरोबर तो डबा दवाखान्यात न्या. कोणते विष ते कळले तरच डॉक्टरला नेमका उपचार करता येतो. हा सल्ला एवढ्याच चार ओळींत मोबाईलवर फिरला पाहिजे.

शास्त्रज्ञांकडे मागणी

आम्ही शास्त्राच्या विरोधात नाही. उलट शास्त्र आमच्या बांधावर लवकर यावे असे आम्ही म्हणतो. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. ते आमचे आहे असे आम्ही समजतो. तिथल्या शिवार फेरीत शेतकरी ताटव्याजवळ उभा राहून शास्त्रज्ञाला उलट विचारू शकतो आणि शास्त्रज्ञालाही उत्तर द्यावे लागते. तीच रीत मोबाईलवर आणा, एवढेच मागणे आहे.

एक, सल्ल्याच्या पहिल्या ओळीत सल्ला असावा, किडीचे कूळ शेवटी. दोन, प्रत्येक संदेशावर तारीख, कोणत्या भागासाठी आणि कोणत्या जमिनीसाठी, आणि देणाऱ्याचे नाव असावे. तीन, एकरी खर्च किती आणि न फवारल्यास नुकसान किती, हे दोन्ही आकडे द्यावेत. चार, जिथे खात्री नाही तिथे तसे स्पष्ट म्हणावे. शंका सांगणाऱ्याला आम्ही कमी लेखणार नाही. पाच, ग्रुपवर शेतकऱ्याला लिहिता यावे आणि दोन दिवसांत उत्तर मिळावे. २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘महाविस्तार’ नावाचे ॲप आणले आहे. त्यात यंत्र उत्तर देते. यंत्राने जरूर उत्तर द्यावे. पण हजार शेतकऱ्यांनी एकच प्रश्न विचारला तर तो विद्यापीठाच्या संशोधनाच्या टेबलावर जातो की नाही, हे आम्हाला कळले पाहिजे.

आपल्याकडे मागणी

आता आपल्या अंगावर काय येते ते पाहू. दुसऱ्याला बोल लावणे सोपे असते.

संदेशावर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ असे दिसले तर तो जुना आणि बेवारशी आहे असे समजा. तारीख नाही, गाव नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही, तर पुढे पाठवू नका. काळजीपोटीही नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसे जमावाने ठार केली. ती अफवाही कोणीतरी काळजीपोटीच पुढे पाठवली असेल.

आणि प्रश्न विचारायचा तर मोजून विचारा. ‘अळी आली, काय मारू?’ याला शास्त्रज्ञही उत्तर देऊ शकत नाही. पेरणीला पंचेचाळीस दिवस झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर धोका. कपाशीत फिरून डोमकळ्या मोजा. एकरातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडा, फोडा, आत पाहा. दोन बोंडांत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. एकही नाही निघाली तर पंप खाली ठेवा, पैसे खिशात ठेवा. हे कोणत्याही व्हिडिओपेक्षा खरे, कारण हे तुमच्या शेतातले आहे. पतंग बांध पाहून उडत नाही, म्हणून हे एकट्याने करून भागत नाही, शिवाराने मिळून करावे लागते.

तेव्हा या मेळाव्यापुढे मी एक काम ठेवतो. प्रत्येक गावातून पाच शेतकरी आणि दोन मायबहिणी अशी सात जणांची नावे आज इथे लिहून द्या. या खरिपात दर आठवड्याला त्यांनी सापळ्यातले पतंग, वीस बोंडांतले किडके आणि आपल्या मंडळातला पाऊस वहीत लिहावा. सोबत गावाचा एकच प्रश्न लिहावा, जो सगळ्यांना पडला आहे असा. ते कागद आपण गोळा करू आणि अकोल्याच्या विद्यापीठाला आणि दोन्ही जिल्ह्यांच्या कृषी अधिकाऱ्यांना लेखी देऊ, पोच घेऊन. कोणत्या प्रश्नाला किती दिवसांत काय उत्तर आले, आणि कोणत्या प्रश्नाला आलेच नाही, हे पुढच्या मेळाव्यात वाचून दाखवू. ज्या शास्त्रज्ञाने उत्तर दिले असेल त्याला मंचावर बोलावून त्याचे आभार मानू. उत्तर न आलेल्या प्रश्नांची यादी घेऊन त्या दिवशी विद्यापीठाच्या दारात जाऊ.

वह्या मंडपाच्या दारापाशी ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.